भाज्या घशाखाली उतरत नसतील, तर आहार आणि व्यायामाने वजन कसे कमी करावे?

कोरडी_भाकर:

नमस्कार. माझे वय ३८ वर्षे असून मी नाशिकला एका बँकेत नोकरी करते. उंची १६२ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. नुकत्याच झालेल्या आरोग्य तपासणीत माझे एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी) ५.९ टक्के आले. डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी आहे; त्यांनी औषध दिलेले नाही, पण वजन उतरवायला सांगितले आहे. थायरॉइडचा अहवाल व्यवस्थित आहे.

माझी अडचण अशी की लहानपणापासून मला मऊ शिजलेली भाजी खाता येत नाही. दुधी, दोडका, पडवळ, वांगे किंवा कोणतीही पालेभाजी तोंडात गेली आणि तिचा लिबलिबीतपणा जिभेला जाणवला की उमासा येतो. टोमॅटोची शिजलेली फोड, पिकलेले केळे आणि पपई यांचेही तसेच होते. माहेरी ‘पानात टाकायचे नाही’ हा नियम कडक होता आणि त्यापायी मी कितीतरी जेवणे रडत संपवली आहेत. आता सासूबाई काही म्हणत नाहीत, उलट माझ्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी करतात, आणि याचाही मला संकोच वाटतो.

मी जे खाते ते असे: पोळी, ज्वारीची भाकरी, भात, गाळल्यासारखे एकजीव वरण, बटाट्याच्या काचऱ्या, कुरकुरीत भेंडी, दाण्याची चटणी, पिठले, नीट भाजलेले ऑम्लेट, घट्ट दही, फुटाणे, कच्ची काकडी, गाजर, पेरू आणि सफरचंद. रविवारी मिसळ आवडीने खाते, पण घरी केलेली मटकीची उसळ मला जात नाही. संध्याकाळी बँकेतून आल्यावर चहासोबत चिवडा किंवा शेव हमखास असते.

आजवर मिळालेल्या प्रत्येक आहार तक्त्यात भाज्यांचे सूप, मोड आलेल्या कडधान्यांचे सॅलड, ओट्सची लापशी आणि दोन वाट्या पालेभाजी हेच पदार्थ आहेत. ते काही दिवस कसेबसे गिळता येतात, नंतर जमत नाही. मी खाते त्याच पदार्थांमधून वजन कमी होऊ शकेल का, आणि होणार असेल तर सुरुवात कुठून करावी, हे मला जाणून घ्यायचे आहे. ‘सवय कर, सगळे जमते’ हा सल्ला मी पुष्कळ ऐकला आहे, त्यामुळे तो कृपया टाळावा.

पीठ_पेरून:

तुमच्या यादीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. घरची उसळ तुम्हाला जात नाही, पण मिसळीतली मटकी जाते. मटकी तीच असते; मिसळीत तिच्या जोडीला फरसाण आणि कच्चा कांदा असल्यामुळे प्रत्येक घासात दाताखाली काहीतरी कुरकुरते आणि मटकीचा मऊपणा जाणवत नाही. तुमची भेंडी, काचऱ्या, काकडी, पेरू आणि फुटाणे हे सगळे पदार्थ एकाच जातीचे आहेत. म्हणजे तुमचे वैर भाजीशी नसून तिच्या शिजण्याच्या पद्धतीशी आहे, आणि ती पद्धत तर आपल्याला बदलता येते. मला स्वतःलाही गिळगिळीत पदार्थ चालत नाहीत, म्हणून हे खात्रीने लिहितो आहे.

आपल्याकडे कोरड्या भाज्यांची परंपरा मोठी आहे आणि आहार तक्ते लिहिणारे तिच्याकडे सहसा पाहत नाहीत. तोंडली आणि कारली यांच्या पातळ काचऱ्या लोखंडी तव्यावर होतात. ढोबळी मिरची, कांद्याची पात, कोबी आणि मेथीसुद्धा पीठ पेरून करता येते. भाजीला सुटलेले पाणी बेसन शोषून घेते, भाजी मोकळी होते आणि डाळीच्या पिठातली प्रथिने पोटात जातात ती वेगळीच. मात्र पीठ आधी कोरडे खमंग भाजून घ्यावे, नाहीतर ते कच्चट लागते आणि ती चव झाकण्यासाठी तेलाचा हात सैल सुटतो. कोबी शिजवण्याऐवजी बारीक चिरून त्याची पचडी करावी, आणि कोशिंबिरीतले दाण्याचे कूट भरड ठेवावे. थालिपिठात किसलेली काकडी किंवा दुधी घालणार असाल, तर कीस घट्ट पिळून घ्या, पीठ त्याच पाण्यात भिजवा आणि थालीपीठ पातळ थापा. जाड थापले की मध्ये ओलसर राहते आणि तुम्हाला नको असलेला तो मऊपणा नेमका तिथेच सापडतो.

भेंडीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण कुरकुरीत भेंडी म्हटले की ती बहुधा तेलात पोहत असते. भेंडी धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि मगच चिरावी. कढईपेक्षा पसरट लोखंडी तवा घ्यावा, त्यावर दोन लहान चमचे तेल सगळीकडे फिरवावे आणि भेंडी एका थरात पसरावी. झाकण अजिबात ठेवू नये, कारण वाफ कोंडली की ती चिकट होते. मीठ शेवटी घालावे, कारण आधी घातले तर पाणी सुटते. उतरवताना थोडे आमचूर टाकले की उरलासुरला चिकटपणाही जातो. या रीतीने पाव किलो भेंडी दहा मिलीलिटर तेलात चांगली होते.

मोजूनमापून:

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. समोर बसून तपासणी न करता लिहीत आहे, तेव्हा पुढचे आकडे अंदाज म्हणून घ्यावेत आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवावेत.

प्रथम उद्दिष्टाविषयी. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, ३१ च्या आसपास येतो आणि भारतीयांसाठी २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात. हे वाचून पंचवीस किलो उतरवण्याचा संकल्प मात्र करू नका. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात सुमारे ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे एवढेच लक्ष्य ठेवले होते, आणि तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अभ्यासात तर सरासरी वजनात फारशी घट झालेली नसतानाही आहार आणि चालण्यातल्या बदलांनी हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले होते. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो. सहा महिन्यांत तेवढे उतरले तरी फार चांगले काम झाले असे मी मानेन, आणि कंबरेचा घेर दरमहा एकदा मोजा असेही सांगेन, कारण काटा हलत नसतानाही घेर कमी होत असतो.

आता बटाट्याविषयी, कारण तुम्ही त्याचा उल्लेख थोड्या अपराधीपणाने केला आहे. दोन मध्यम बटाटे, म्हणजे साधारण २०० ग्रॅम, यांच्यात जेमतेम दीडशे कॅलरी असतात. त्यांच्या काचऱ्यांना १५ मिलीलिटरचे तीन चमचे तेल लागले, तर त्या तेलातूनच ३६० कॅलरी येतात. तेव्हा बटाटा पानातून काढण्याआधी तेलाचा हिशेब करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ४१ मिलीलिटर तेल, म्हणजे जवळजवळ ३४५ कॅलरी येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या दिवसभराच्या थाळीत, २,००० कॅलरींच्या आहारासाठी, तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. महिन्याच्या सुरुवातीला डब्यावर तारीख लिहून ठेवण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. त्यात कुणाच्या पानाकडे पाहावे लागत नाही आणि सगळ्या घराचे भले होते.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. तुमच्या यादीत ती आहेत, पण विखुरलेली आणि थोडी थोडी. पातळ वरणाच्या एका वाटीत फार तर १५ ते २० ग्रॅम डाळ असते, म्हणून वरण एकजीवच ठेवा, पण घट्ट करा आणि दोन्ही जेवणांत मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ पोटात जाईल असे पाहा. तेवढ्यातून १३ ग्रॅम प्रथिने मिळतात. दोन अंड्यांचे ऑम्लेट १२ ग्रॅम देते, ४० ग्रॅम फुटाणे ८ ग्रॅम, ३०० ग्रॅम दही ९ ते १० ग्रॅम आणि दिवसभराच्या पोळी-भाकरीतले १०० ग्रॅम पीठ आणखी १० ग्रॅम. ही बेरीज ५२-५३ ग्रॅमपर्यंत जाते. पिठले किंवा पीठ पेरलेली भाजी एका जेवणात आली की साठी गाठता येते, आणि तुमच्या उंचीच्या स्त्रीला वजन उतरवताना एवढी प्रथिने पुरेशी आहेत. पोट भरलेले राहते आणि वजनाबरोबर स्नायू झिजण्याचे प्रमाणही कमी राहते.

चहासोबतचा चिवडा तेवढा सोडावा लागेल, कारण मूठभर म्हणता म्हणता तो वाटीभर होतो. त्या जागी फुटाणे आणि एक पेरू घ्या. पेरू तुम्हाला आवडतो ही मोठी जमेची बाजू आहे. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तो संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे आणि जेवणाबरोबर खाल्ला तर डाळी-धान्यांतले लोह शरीरात शोषले जाण्यास मदत करतो. दाण्याच्या चटणीचे प्रमाण मात्र एका चमच्यावर ठेवा, कारण १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ५७० कॅलरी असतात.

दोनदाच_जेवण:

वरचे सल्ले योग्यच आहेत, पण इतके मोजमाप नोकरी करणाऱ्या बाईला रोज जमेल का, अशी शंका येते. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली पद्धत पाहावी, असे मी सुचवीन. भुकेच्या दोनच वेळा ओळखून तेव्हाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि मधल्या वेळात काही खायचे नाही, एवढाच तिचा गाभा आहे. कोणता पदार्थ खावा यापेक्षा केव्हा खावा यावर तिचा भर असल्यामुळे चोखंदळ माणसाला ती सोयीची पडते. आमच्या घरी तीन माणसांना तिचा लाभ झाला आहे.

मोजूनमापून:

मधले खाणे थांबल्याने अनेकांचे वजन उतरते हे खरे आहे, आणि ज्यांना दिवसभर खाण्याचे निर्णय घेणे नकोसे होते त्यांना दोन वेळांची शिस्त मानवते. मात्र इथे एक धोका दिसतो. ज्यांची आवडीच्या पदार्थांची यादी लहान असते, ती माणसे दोनच जेवणे घेऊ लागली की बहुधा भात आणि बटाट्यावर पोट भरतात, आणि दही, फुटाणे व फळे ही मधल्या वेळची भर गळून जाते. ही पद्धत करायची असेल, तर ते तिन्ही पदार्थ जेवणाच्या पानातच आले पाहिजेत. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत, कारण साखर अचानक खाली जाण्याची भीती असते.

जोर_बैठका:

प्रश्नात व्यायामाचाही उल्लेख आहे आणि त्यावर अजून कोणी फारसे लिहिलेले नाही.

अर्धा तास भरभर चालल्याने ८० किलोच्या माणसाच्या सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात त्याच्या जवळजवळ दुप्पट असतात. त्यामुळे केवळ चालून वजन उतरण्याची वाट पाहिली तर निराशा पदरी येते. तरीही व्यायाम आवश्यकच आहे, कारण रक्तातली साखर स्नायू वापरतात. तुमच्या ५.९ टक्क्यांसाठी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे दोन्ही जेवणांनंतर दहा ते पंधरा मिनिटे चालणे. जेवणानंतर चढणारी साखर त्याने खाली राहते. बँकेत दुपारी आवारात किंवा जिन्यातही हे करता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. पहिला भाग लोक करतात, दुसरा राहून जातो. त्यासाठी व्यायामशाळेचे शुल्क भरलेच पाहिजे असे नाही. भिंतीला हात टेकवून जोर काढावेत, ते सोपे वाटू लागले की ओट्याच्या कडेला आणि पुढे जमिनीवर काढावेत. बैठका खुर्चीसमोर उभे राहून माराव्यात, म्हणजे खुर्चीला अलगद टेकून लगेच उठायचे. वजन जास्त असताना गुडघ्यांना ही रीत सुरक्षित वाटते. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या घेऊन खांद्याचे व्यायाम करता येतात. आठ ते बारा वेळा केल्यावर शेवटची एकदोन कष्टाने झाली पाहिजेत, इतका भार ठेवावा, आणि तीच संख्या पुरेशी सोपी झाली की भार वाढवावा.

तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून सांगतो, गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सकाळी सर्व वयांची माणसे चालत असतात आणि तिथे एकटे वाटत नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या मात्र पहिल्या महिन्यात टाळा. चढताना दम लागतो तो चांगलाच, पण उतरताना गुडघ्यांवर येणारा ताण ८२ किलोला मानवत नाही. मांड्यांत थोडे बळ आले की जरूर जा.

कोरडी_भाकर:

सर्वांचे मनापासून आभार. मिसळीतल्या मटकीची गोष्ट मी इतकी वर्षे खात असूनही माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ती वाचल्यावर काल मटकी दहा मिनिटेच वाफवून, कोरडी परतून, वरून कच्चा कांदा आणि थोडे फुटाणे घालून पाहिली. वाटीभर सहज गेली. सासूबाईंना तेलाच्या डब्यावर तारीख लिहिण्याची कल्पना आवडली आणि काल तारीख त्यांनीच लिहिली.

दोन शंका आहेत. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तोही आता पालेभाजी बाजूला सारू लागला आहे. त्याला जबरदस्ती करावी असे मला वाटत नाही, पण मग काय करावे? आणि बाहेर जेवायला जाण्याचे प्रसंग मी टाळते, कारण ताटात काय येईल याची धास्ती वाटते. हे वजनाशी संबंधित नसेल, पण मनात आहे म्हणून लिहिले.

मनाची_मशागत:

मी मानसशास्त्राच्या क्षेत्रात काम करते, म्हणून दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मला अधिक महत्त्वाची वाटते. काही माणसांना पदार्थाचा पोत, वास किंवा रंग खरोखरच असह्य होतो. हे लाड नसतात आणि हट्टही नसतो. अशा खाण्याने पोषणाची उणीव निर्माण होत असेल, किंवा माणूस लग्नकार्ये आणि सहभोजने टाळू लागला असेल, तर त्याचा विचार आजार म्हणून करावा लागतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत एआरएफआयडी (खाणे टाळण्याचा किंवा मोजकेच खाण्याचा विकार) या नावाने त्याला स्वतंत्र स्थान दिले. तो फक्त कृश माणसांनाच होतो ही समजूत चुकीची आहे; वजन जास्त असलेल्यांतही तो आढळतो. तुम्हाला तो आहे असे मी म्हणत नाही, तसे ठरवण्यासाठी प्रत्यक्ष भेटच हवी. पण ताटाची धास्ती घेऊन घरी थांबणे वाढत चालले असेल, तर खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भेट घ्यावी. त्यांच्या उपचारांत नवा पदार्थ आधी नुसता पाहणे, मग हाताळणे, वास घेणे आणि त्यानंतर जिभेला लावणे अशा लहान पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर थांबण्याचा अधिकार तुमचा असतो.

मुलाच्या बाबतीत तुमची भावना बरोबर आहे. जबरदस्तीने भरवलेल्या पदार्थाचा तिटकारा मोठेपणीही टिकतो, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? मुलांना नवा पदार्थ स्वीकारायला बऱ्याचदा आठ, दहा, कधी पंधरा वेळा तो समोर यावा लागतो. म्हणून पानात चमचाभर भाजी वाढावी, तिच्यावर बोलू नये, ‘भाजी संपवलीस तर गोड मिळेल’ असा सौदा करू नये, आणि जेवणात त्याला नक्की आवडणारा एक पदार्थ नेहमी असू द्यावा. भाजी निवडताना आणि मेथीची पाने खुडताना त्याला सोबत बसवावे. पालेभाजी पीठ पेरून केलीत, तर ती तुम्हीही त्याच्यासोबत खाऊ शकाल.

मोजूनमापून:

एक भर घालते. इतकी वर्षे पालेभाज्या जवळजवळ बंद आहेत, तेव्हा पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी), बी१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या चाचण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. लोह कमी असेल तर चालताना लवकर दम लागतो, आणि माणसाला वाटत राहते की आपलीच इच्छाशक्ती कमी पडते. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका; ते साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवत असल्यामुळे त्याआधी बदल पुरता दिसत नाही. मटकीची वाटी रोज खाणार असाल, तर एका जेवणातली डाळ त्या दिवशी निम्मी केली तरी चालेल.